झाडावरची थाळी, डोंगरातली शाळा

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. पावनखिंडीत बाजीप्रभू देशपांडे प्राण पणाला लावून लढत होते, तेव्हा त्यांचे कान कशाकडे लागले होते?

अगदी बरोबर! विशाळगडावरच्या तोफांकडे. शिवाजीमहाराज गडावर सुखरूप पोचले की तोफा उडवायच्या, असा संकेत ठरला होता, ही १६६० सालची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. खिंडीपासून गडापर्यंत ना तार होती, ना टेलिफोन. तरी निरोप पोचला. म्हणजे तो बिनतारी निरोपच झाला की नाही?

आता आपल्या काळात या. तुमच्या घरातला मोबाईल बिनतारी निरोपच घेतो नि देतो. तोफेचा आवाज हवेतून येतो, मोबाईलचा निरोप रेडिओलहरींवरून येतो, एवढाच फरक. पण एक गोष्ट तेव्हाही अवघड होती आणि आजही आहे. मध्ये डोंगर आडवा आला तर काय करायचं?

२०२० साली करोनामुळे आपल्या शाळा बंद होत्या. तेव्हा ‘रेंज’ हा शब्द मला पुरता कळला. त्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. ती मी तुम्हांला शेवटी सांगणार आहे. त्याआधी एका शिक्षकाची गोष्ट ऐका. त्यांच्या शाळेपुढे एक-दोन नव्हे, डोंगरांची रांगच्या रांग उभी होती.

नांगी गावचे मास्तर

नेपाळच्या पश्चिम भागात म्याग्दी नावाचा जिल्हा आहे. त्यात उंच डोंगरावर नांगी हे गाव आहे. अन्नपूर्णा आणि धवलगिरी ही हिमशिखरं याच मुलखातली. दिसायला सगळं चित्रासारखं! पण त्या काळी मोटाररस्ता सोडल्यावर कित्येक तास चढण चढावी, तेव्हा कुठे गाव येई. पाठीवर ओझं असेल, तर विचारूच नका.

या गावात १९५५ साली महावीर पुन यांचा जन्म झाला. लहानपणी ते गुरं-मेंढरं राखत. गावात शाळा होती, पण कागद नाही, पेन्सिल नाही, पाठ्यपुस्तक नाही, शिकलेले शिक्षकही नाहीत! तरी सातवीपर्यंत ते तिथेच शिकले. वडील सैन्यातून निवृत्त झालेले. मुलगा शिकावा म्हणून ते सगळं बिऱ्हाड घेऊन दक्षिणेकडच्या सपाट प्रदेशात राहायला गेले. पुढे महावीर स्वतः शिक्षक झाले. बारा वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं. मग शिष्यवृत्ती मिळवून १९८९ मध्ये ते अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात शिकायला गेले आणि १९९२ मध्ये पदवी घेऊन परत आले.

परत कुठे? काठमांडूला? छे! थेट नांगीला! गाव सोडून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. तरी त्यांनी तिथल्या हिमांचल हायस्कूलचं काम अंगावर घेतलं. शाळेचा खर्च भागावा म्हणून गावकऱ्यांबरोबर कागद तयार करणं, जाम करून विकणं असे उद्योगही सुरू केले.

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातून शाळेला वापरलेले चार संगणक भेट मिळाले. पण गावात वीज कुठे होती? महावीरसरांनी जवळच्या ओढ्यावर छोटं जनित्र बसवलं नि पाण्याच्या जोरावर वीज तयार केली. पुढे जुने सुटे भाग मिळाले, ते त्यांनी लाकडी खोक्यांत जोडले आणि त्यांचे संगणक केले. लाकडी खोक्यातला संगणक! डोळ्यांपुढे आणा बरं.

मुलं संगणक शिकू लागली. पण जगाशी बोलायचं कसं? त्या वेळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून येई आणि नांगीला टेलिफोनची तार नव्हती. सरांना स्वतःची ई-मेल पाहायची, तर डोंगर उतरून गाडी पकडायची आणि पोखरा शहर गाठायचं. टपाल आलं आहे का, एवढंच पाहायला शहरापर्यंत जायचं, असा तो प्रकार.

एक पत्र आणि टीव्हीची थाळी

२००१ मध्ये सरांनी बीबीसीला ई-मेल पाठवली. आमच्या गावात तार नाही, इंटरनेट आणायचं आहे, कुणाला काही उपाय सुचतो का, एवढंच विचारलं. बीबीसीने ती हकिकत प्रसिद्ध केली आणि गंमत म्हणजे युरोप-अमेरिकेतली माहीतगार मंडळी मदतीला धावून आली. वर्षभरातच नांगी आणि शेजारचं रामचे गाव यांच्यामध्ये बिनतारी जोडणीचं काम सुरू झालं.

आता नीट लक्ष द्या हं. घरातल्या किंवा शाळेतल्या वाय-फायच्या पेटीतून रेडिओलहरी निघतात. त्या दर सेकंदाला सुमारे २४० कोटी हेलकावे घेतात आणि अशा एका लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या वितीपेक्षा थोडी कमीच, भरते. पेटी या लहरी चहूकडे फेकते. म्हणून त्या लवकर क्षीण होतात. दोन-चार भिंती आडव्या आल्या की संपलं!

पण बॅटरी आठवा. बॅटरीचा नुसता बल्ब बाहेर काढून पेटवला तर उजेड इकडेतिकडे पसरतो. त्याच्यामागे चकचकीत वाटी लावली की तोच उजेड झोत होऊन शेताच्या बांधापलीकडे जातो. बल्ब तोच, ताकद तीच, फक्त दिशा एक! टीव्हीसाठी छपरावर लावतात ना ती थाळी, ती हेच काम रेडिओलहरींसाठी करते. महावीरसर आणि त्यांच्या मदतनिसांनी टीव्हीच्या थाळ्या घेतल्या आणि उंच झाडांवर बांधल्या. एक थाळी या गावाकडे तोंड करून, दुसरी त्या गावाकडे. झाडावर का? लहरींना समोरासमोर मोकळी वाट लागते. डोंगरातून त्या आरपार जात नाहीत. ओली पानंसुद्धा त्यांना शोषून घेतात, कारण पानांत पाणी असतं.

मग डोंगरामागे दडलेल्या पोखरापर्यंत निरोप कसा न्यायचा? रिले शर्यतीत एक धावपटू दुसऱ्याच्या हाती काठी देतो, तसा! दोन्हीकडचं दिसेल अशा डोंगरमाथ्यावर एक ठाणं उभारायचं. त्याने इकडचा निरोप घ्यायचा आणि तिकडे पुढे पाठवायचा. ठाण्याला वीज सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या तक्त्यांची. अशी ठाणी जोडत जोडत २००३ मध्ये नांगीची शाळा पोखरामार्गे इंटरनेटला जोडली गेली.

हे काम सुखासुखी झालं नाही बरं का. त्या वर्षांत नेपाळमध्ये माओवादी बंडखोर आणि सरकार यांच्यात सशस्त्र संघर्ष चालू होता. बिनतारी उपकरणांवर बंदी होती. त्यामुळे सामान चोरूनमारून आणावं लागलं. पुढे २००६ मध्ये नेपाळ सरकारने या लहरींचा पट्टा परवान्याच्या जाचातून मोकळा केला, तेव्हा हे काम उजळ माथ्याने होऊ लागलं. आपल्या भारतात असा पट्टा २००५ मध्ये मोकळा झाला होता.

“बाई, मी सांगू? बाई, मी सांगू?”

एका गावाला इंटरनेट मिळालं, की शेजारची गावंही मागणारच. पण मग एकाच लहरीवर सगळे एकदम बोलू लागले तर? हा प्रश्न नांगीच्या तीस वर्षं आधी एका दुसऱ्या ठिकाणी सुटला होता. तिथे डोंगर नव्हे, समुद्र आडवा आला होता. चला, थोडा वेळ प्रशांत महासागरात जाऊ या.

तिथे हवाई बेटं आहेत. विद्यापीठाचा मोठा संगणक ओआहू बेटावर आणि विद्यापीठाची माणसं वेगवेगळ्या बेटांवर. टेलिफोनच्या तारा महाग आणि खरखरणाऱ्या. तेव्हा प्राध्यापक नॉर्मन अ‍ॅब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं, की तारच नको, रेडिओलहरी वापरू. जून १९७१ मध्ये त्यांचं जाळं सुरू झालं. नाव ठेवलं ‘अलोहानेट’. ‘अलोहा’ हा तिथला आपल्या ‘नमस्कारा’सारखा शब्द. भेटतानाही म्हणायचा, निघतानाही म्हणायचा.

त्यांची अडचण मला वर्गात रोज येते. मधल्या सुट्टीनंतर मी वर्गात पाऊल टाकते, तोच एकीकडून “बाई, माझी वही सापडत नाही!” नि दुसरीकडून “बाई, ह्यानं माझा डबा सांडला!” दोघं एकदम बोलतात आणि मला एकाचंही धड ऐकू येत नाही. अलोहानेटमध्येही दोन बेटांवरून एकाच क्षणी निरोप आले की त्यांची टक्कर व्हायची आणि दोन्ही वाया जायचे.

उपाय किती सोपा काढला पाहा! निरोपाचे छोटे छोटे तुकडे करायचे. तुकडा नीट पोचला की मुख्य केंद्राने ‘मिळाला’ अशी पोच द्यायची. पोच आली नाही तर समजायचं, टक्कर झाली. मग थोडं थांबून पुन्हा पाठवायचं. पण किती थांबायचं? सगळे सारखेच थांबले, तर पुन्हा टक्कर! म्हणून प्रत्येकाने चिठ्ठी काढल्यासारखं, येईल तेवढा वेळ थांबायचं. कुणी जास्त, कुणी कमी. आजचं वाय-फाय त्यात आणखी एक शहाणपण पाळतं. आधी ऐकायचं, कुणी बोलत नसेल तरच बोलायचं. (आमच्या वर्गाने हे शिकायला हवं!)

तेव्हा वर्गातले तीस मोबाईल एका पेटीला जोडले आणि चित्रफीत अडखळू लागली, तर पेटीवर थापट्या मारू नका. तीस जण पाळी लावून बोलत आहेत, एवढंच समजा.

जाळं आलं, पुढे काय?

पुन्हा नांगीला येऊ. २००७ पर्यंत महावीरसरांचं जाळं बाराएक गावांत पोचलं होतं. तिथे इंटरनेटचा उपयोग काय झाला असेल? याक पाळणारे शेतकरी व्यापाऱ्यांशी बोलू लागले. गावातले आरोग्यसेवक शहरातल्या डॉक्टरांचा सल्ला घेऊ लागले. मध, चहा, जाम यांना गिऱ्हाईक शोधता येऊ लागलं. आणि शाळेत? डोंगरातल्या शाळांना शिक्षकांचा मोठा तुटवडा. तेव्हा एका गावच्या शिक्षकाने कॅमेऱ्यासमोर उभं राहून शिकवायचं आणि दुसऱ्या गावच्या मुलांनी ते पाहायचं, असाही प्रयोग झाला.

पण मला सगळ्यांत मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. सरांचं पथक नुसत्या थाळ्या बांधून निघून गेलं नाही. ते शिक्षकांना आणि मुलांना संगणक शिकवत राहिलं, बिघडलेलं दुरुस्त करत राहिलं. यंत्र आणणं हे एका दिवसाचं काम असतं, ते चालू ठेवणं हे रोजचं. धूळ खात पडलेलं यंत्र तुम्हीही कुठेतरी पाहिलं असेलच.

२००७ मध्ये महावीर पुन यांना रॅमन मॅगसेसे पारितोषिक मिळालं. समाजनेतृत्वासाठीचं हेच पारितोषिक १९५८ मध्ये आपल्या विनोबांना मिळालं होतं आणि सरांच्या पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, ते हेमलकशाच्या डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना मिळालं. सप्टेंबर २०२५ मध्ये तर नेपाळच्या अंतरिम सरकारात महावीरसरांनी शिक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली. पाठ्यपुस्तकावाचून शिकलेला मुलगा देशाचा शिक्षणमंत्री!

हे तुमच्या बाईंना, सरांना वाचून दाखवा

वाय-फाय आणि इंटरनेट एकच, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. वाय-फाय म्हणजे वस्तीपासून फाट्यापर्यंतची वाट, आणि इंटरनेट म्हणजे फाट्यावरून जगभर जाणारे रस्ते. फाट्यावर एस.टी. आली नाही, तरी वस्तीतल्या वस्तीत आपण फिरतोच की! तसंच शाळेतल्या एका संगणकात आधीच पुस्तकं, चित्रफिती, विश्वकोश भरून ठेवला आणि त्याला वाय-फायची पेटी जोडली, तर बाहेर इंटरनेट नसतानाही वर्गातल्या मोबाईलवर ते सगळं वाचता येतं. ‘किविक्स’ नावाच्या मोफत प्रणालीने विकिपीडिया असा साठवून ठेवता येतो, मराठीसुद्धा.

बालभारतीच्या पुस्तकांवर ते काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे चौकोन असतात ना, ते क्यूआर कोड उघडायला मात्र फाट्यावर एस.टी. यावी लागते, म्हणजे इंटरनेट हवं. तेव्हा गुरुजनहो, “घरी जाऊन कोड उघडा” असं सांगण्याआधी किती घरांत रेंज आहे, तेवढं विचारा.

हे मी दुसऱ्यांना सांगते आहे खरी, पण स्वतः २०२० मध्ये विचारलं नव्हतं.

माझी चूक

त्या वर्षी चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. मी रोज सकाळी मोबाईलवर अभ्यास पाठवायची आणि मुलं वहीचे फोटो काढून मला पाठवायची. एका मुलाचे फोटो कधी यायचे, कधी नाही. आले तर रात्री नऊ-साडेनऊला, चार चार दिवसांचे एकदम. फोटो अंधुक, अक्षर तिरकं. मला वाटलं, पोरगं दिवसभर हुंदडत असणार. मी त्याच्या नावापुढे लिहिलं, ‘अनियमित. अभ्यासात लक्ष नाही.’ एकदा फोनवर त्याच्या वडिलांनाही चार शब्द सुनावले. ते बिचारे “हो बाई, हो बाई” म्हणत राहिले.

पुढे निर्बंध थोडे सैल झाल्यावर मी पुस्तकं द्यायला त्यांच्या वस्तीवर गेले. वस्ती घळीत, तिन्ही बाजूंनी चढ. माझ्या मोबाईलवर रेंजची एकही काडी दिसेना. मी म्हटलं, “आजी, इथं फोन लागत नाही का?”

“इथं कुठला लागतोय, बाई? त्या वर देवळापाशी लागतो.”

मग हळूहळू सगळं कळलं. घरात मोबाईल एकच. तो वडिलांबरोबर ट्रॅक्टरवर जायचा. अंधार पडल्यावर ते घरी येत. मग हा नातू आणि ही आजी बॅटरी घेऊन टेकडी चढायची. देवळाच्या ओट्यावर बसून तो अभ्यास उतरवून घ्यायचा, आजी बॅटरी धरायची. पाऊस असेल त्या दिवशी जाता यायचं नाही. म्हणून चार दिवसांचा अभ्यास एकदम! अंधुक फोटो बॅटरीच्या उजेडातले. आणि अक्षर तिरकं, कारण वही मांडीवर.

मुलगा दारातच उभा होता. मी विचारलं, “अरे, मला सांगितलं का नाहीस?”

तो म्हणाला, “बाई, तुम्ही विचारलंच नाही.”

मला खाली बघावं लागलं. वर्गात सगळ्यांत जास्त चालून, चढून अभ्यास करणारा तो मुलगा, आणि मी त्याला लिहिलं होतं ‘लक्ष नाही’! घरी येऊन मी ती ओळ खोडली. त्याच्या वडिलांना फोन करून क्षमा मागितली. पुढच्या आठवड्यापासून अभ्यासाचे कागद लिहून वस्तीवर नेऊन देऊ लागले. आठवड्यातून एक फेरी व्हायची. त्यात महावीरसरांसारखं काही मोठं नव्हतं. डोंगरावर ठाणं उभारणं मला जमण्यासारखं नव्हतं. पण दोन टोकांमधली काठी पुढे नेणं तरी जमत होतं.

तो मुलगा आता हायस्कूलला आहे. रस्त्यात भेटला की हसतो.

मुलांनो, तुमच्या वर्गातही कुणीतरी असा असेल, ज्याचं घर लहरींच्या वाटेत नाही. त्याचं उत्तर उशिरा आलं, तर त्याला हसू नका. आधी विचारा. हवाई बेटांवरच्या त्या प्राध्यापकांचा नियम आठवतो ना? ‘मिळाला’ अशी पोच आली नाही, तर समोरच्याला दोष द्यायचा नाही. थोडं थांबायचं आणि पुन्हा हाक मारायची.

करून पाहा

एका मुलाला ‘केंद्र’ करा आणि भिंतीकडे तोंड करून उभं करा. बाकीच्यांनी मनात एकेक शब्द धरा. १ ते ६ आकड्यांच्या चिठ्ठ्या करून वाटीत टाका. टाळ्या वाजवायला एक जण वेगळा ठेवा. पहिल्या टाळीला सगळ्यांनी आपापला शब्द एकदम म्हणा. केंद्राला एकच शब्द स्पष्ट ऐकू आला तर त्याने तो सांगून ‘मिळाला’ म्हणायचं, नाहीतर गप्प राहायचं. ज्याला पोच मिळाली नाही, त्याने चिठ्ठी काढायची, तेवढ्या टाळ्या मोजायच्या आणि मग आपला शब्द पुन्हा म्हणायचा. चिठ्ठी परत वाटीत टाकायची. सगळ्यांचे शब्द पोचायला किती टाळ्या लागल्या ते लिहून ठेवा. आधी तिघांत खेळा, मग दहा जणांत.

दहा जणांना इतका वेळ का लागला, हे मग तुमचं तुम्हीच बाईंना समजावून सांगा. मात्र एका वेळी एकानेच बोला हं!